मोठी साईट सोडून मास्टोडॉनवर जावं का? फायदे-तोटे सांगा

माळावरचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो. मी सोलापूरचा, आठवडाभर बँक आणि रविवारी पहाटे माळ. एका मोठ्या सोशल साईटवर पक्ष्यांचे फोटो टाकतो, नान्नजचा माळ, हिप्परगा तलाव, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आले की भिगवण. फोटोखाली मराठी नाव आणि दोन ओळी, बास. आधी मजा यायची, कोणी आपल्या गावात या पक्ष्याला काय म्हणतात ते सांगायचं, कोणी माझी ओळख चुकली की कान धरायचं. आता फोटो टाकला की कोणाला दिसतो देव जाणे, सख्ख्या मावसभावाला दिसत नाही, आणि प्रतिसादात कोण येतं तर कर्ज हवंय का विचारणारे.

आमच्या ग्रुपमधले तिघेचौघे मास्टोडॉन नावाच्या दुसऱ्या सोशल जागी गेलेत. म्हणतात जाहिरात नाही, अल्गोरिदम नाही, ये इकडे. मी डोकावून आलो तर मराठीत शुकशुकाट. इकडे चारेक हजार फॉलोअर आहेत, ते सोडून जिथे मोजकी टाळकी मराठी बोलतात तिथे जायचं का? जे गेलेत किंवा जाऊन परत आलेत त्यांनी सांगा. आणि तांत्रिक भाषा जरा कमी वापरा ही विनंती, "सर्व्हर निवडा" असं आलं तिथूनच मी मागे फिरलो होतो.

बिनकामाचा
पहिला! चणेफुटाणे घेऊन बसलोय, होऊ द्या सुरू.

चकली_ठाणे
अजिबात जाऊ नका. माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आम्ही दोघी जावा झोपतसुद्धा नाही धड, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी मोठ्या साईटवरच्या रीलमुळे येतात. सोऱ्यातून चकली पडतानाचा व्हिडिओ टाकला की लोक पत्ता विचारतात. एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी तुमच्या त्या मास्टोडॉनवर पण खातं काढलं होतं. लोक सज्जन, चौकशी करतात, भाजणीत धने किती घालता वगैरे विचारतात, पण ऑर्डर? शून्य. एक जण फिनलंडहून म्हणाला दिसायला फार सुंदर आहे. त्याला काय कुरियर करू?

माळावरचा
@चकली_ठाणे हाहाहा. पण ताई मला विकायचं काहीच नाहीये.

चकली_ठाणे
मग त्या चार हजार फॉलोअरचं काय लोणचं घालायचंय? जा खुशाल.

सर्व्हरवाला
मी पुण्यात एक छोटा मास्टोडॉन सर्व्हर चालवतो, दीडशेच्या आसपास खाती, त्यातले रोज बोलणारे तीसेक. त्यामुळे माझं मत एकतर्फी असणार हे धरून चाला.

आधी ते सर्व्हरचं प्रकरण सोप्यात सांगतो. ईमेलचं कसं असतं, तुमचं एका कंपनीचं, माझं ऑफिसचं, तरी मेल इकडून तिकडे जाते. तसंच. मास्टोडॉन ही एक साईट नाही, २०१६ साली ऑयगन रोश्को नावाच्या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रामरने आणलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, कोणीही आपल्या मशीनवर बसवावं. हे हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका ठरावीक पद्धतीने एकमेकांशी बोलतात, ती पद्धत वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. तेव्हा कुठल्याही सर्व्हरवर खातं काढा, बाकीच्यांवरचे लोक फॉलो करता येतातच.

फायदे तुमच्या मित्रांनी सांगितलेच असतील. पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, ज्यांना फॉलो करता त्यांच्याच दिसतात, पैसे भरून कोणी वर चढत नाही. पाचशे अक्षरं मिळतात, काही सर्व्हरांवर त्याहून जास्त. एखादा विषय फॉलो करायचा तर हॅशटॅगच फॉलो करता येतो.

आता तोटे सांगतो, हे सहसा कोणी सांगत नाही. एक म्हणजे तिथले खाजगी निरोप कुलूपबंद नसतात. सर्व्हर ज्याच्या हातात त्याने ठरवलं तर तो डेटाबेस उघडून वाचू शकतो. मी वाचत नाही, पण हे तुम्ही माझ्या शब्दावर मानताय. दुसरं, पोस्ट उडवली तरी ती दुसऱ्या सर्व्हरांवर पोचलेली असते, तिथून उडावी असा निरोप जातो, पण समोरच्याने तो पाळलाच पाहिजे असं काही नाही. तिसरं तुमच्यासाठी महत्त्वाचं. उद्या सर्व्हर बदलायचा झाला तर फॉलोअर नव्या खात्यावर येतात, पण जुन्या पोस्टी येत नाहीत. त्या तिथेच राहतात.

दिवेघाट
आता माझ्यासारख्या जळलेल्याचं ऐका. मी नोव्हेंबर २०१९ ला गेलो होतो, सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा भारतातून मोठी लाट गेली होती मास्टोडॉनवर, तीत मी पण. पहिला आठवडा काय सांगू, सगळे एकमेकांना नमस्कार चमत्कार, इथे किती शांत आहे, इथे किती छान आहे. दुसऱ्या आठवड्यात बोलायला विषय नाही. महिन्याभरात सगळे गुपचूप जुन्या जागी परत, कोणी कोणाला विचारलं नाही तू कधी आलास.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, परत तोच खेळ, या वेळी जगभर. मास्टोडॉनचा महिन्याचा वापर तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेला. त्यातलेही बरेच काही महिन्यांत गळाले. डिसेंबरमध्ये तर ट्विटरने मास्टोडॉनच्या लिंका टाकायलाच काही दिवस बंदी घातली होती, म्हणजे त्यांना तरी धास्ती वाटली असावी, आपल्याला नाही वाटली.

मधल्या काळात कू, ट्विटरसारखंच पण देशी ॲप. मार्च २०२० ला सुरू, ऑगस्टमध्ये आत्मनिर्भर ॲप चॅलेंजमध्ये बक्षीस, मंत्री आले, मराठीसकट भारतीय भाषा हाच त्यांचा मुख्य मुद्दा. २०२१ मध्ये नायजेरियाने ट्विटर बंद केलं तेव्हा तिथलं सरकार पण कूवर आलं. आणि जुलै २०२४ ला संस्थापकांनी बंद करतोय म्हणून जाहीर केलं. माझ्या एका मित्राच्या सगळ्या चारोळ्या त्यात होत्या.

तर माळावरचा भाऊ, छोट्या जागेचं खरं दुखणं हे, की तिथे जाणारे रागावून जातात. राग ओसरला की करायचं काय?

बिनकामाचा
मित्राच्या चारोळ्या गेल्या हा तोट्यात धरायचा की फायद्यात?

दिवेघाट
@बिनकामाचा तू वाचल्या नाहीस म्हणून विचारतोयस. फायद्यात.

निवृत्त_हेडक्लार्क
कू चे वाचून वाईट वाटले. मी पण होतो. तिथे माझ्या वयाचे पुष्कळ लोक होते, मराठीत टंकायला कीबोर्ड सोपा होता. बंद झाल्यावर मुलगा म्हणाला बाबा दुसरीकडे खाते काढून देतो, पण मीच नको म्हणालो. दरवेळी नवीन ओळखी करायच्या या वयात कंटाळा येतो.

ऑर्कुट कोणाला आठवते का? तिथे आमची शाळेच्या बॅचची कम्युनिटी होती. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले.

शेवंती
ऑर्कुट!!! स्क्रॅपबुक! आणि टेस्टिमोनियल लिही ना माझ्यासाठी म्हणून मागे लागणाऱ्या मैत्रिणी. माझ्या नवऱ्याने लग्नाआधी माझी सगळी टेस्टिमोनियल्स वाचली होती म्हणे. त्यातली अर्धी मीच सांगून लिहून घेतलेली.

बिनकामाचा
म्हणजे सुमोटो फसवणूक झाली बिचाऱ्याची

चकली_ठाणे
टेस्टिमोनियलवर एक वेगळा धागा काढा कोणीतरी, माझ्याकडे पण किस्से आहेत.

व्यवस्थापन
ऑर्कुटच्या आठवणी दुसऱ्या धाग्यावर. मूळ प्रश्न मास्टोडॉनचा आहे.

कानसेन
मला एक वेगळी बाजू सांगायची आहे जी अजून कोणी मांडली नाही. मला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतो, मोबाईल टॉकबॅकवर, कॉम्प्युटर एनव्हीडीएवर चालवतो. मोठ्या साईटवर माझा अनुभव म्हणजे दिवसभर "प्रतिमा, प्रतिमा, प्रतिमा" ऐकणे. फोटो कशाचा आहे, खाली लोक का हसतायत, काही कळायला मार्ग नाही. फोटोला वर्णन जोडायची सोय तिथेही आहे, पण जोडतं कोण.

मास्टोडॉनवर गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी एकाने टाकलेल्या मांजराच्या फोटोचं वर्णन ऐकलं. मांजर उलटं झोपलंय, एक पाय सोफ्याच्या हातावर, तोंड उघडं. मी हसलो. फोटोवर मी हसलो हे माझ्या बायकोला खरं वाटेना. तिथे वर्णनाशिवाय फोटो टाकला तर लोक नम्रपणे टोकतात, काही जण तर वर्णन नसलेला फोटो पुढे पाठवतच नाहीत. वर्णनाला दीड हजार अक्षरं मिळतात म्हणजे ऐसपैस लिहिता येतं. ही काही सॉफ्टवेअरची करामत नाही, तीच सोय दोन्हीकडे आहे. तिथे आलेल्या सुरुवातीच्या लोकांनी पायंडा पाडला आणि नवीन येणाऱ्याला तो पाळावा लागतो, एवढंच. लाखो लोक एकदम आले असते तर हा पायंडा टिकला नसता असं मला वाटतं. तेव्हा छोट्या जागेचा फायदा विचाराल तर मी हा सांगेन.

मराठी वर्णनं मात्र अगदी विरळा. इंग्रजी ऐकून कंटाळा येतो.

माळावरचा
@कानसेन हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. एवढी वर्षं फोटो टाकतोय, वर्णनाचा रकाना कुठे असतो ते पण आत्ता जाऊन शोधलं.

शेवंती
आता मूळ विषयावर येते, व्यवस्थापन रागावलं. माझे दोन अनुभव आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत, त्यामुळे तुम्हीच काय ते ठरवा.

पहिला. मोठ्या साईटवर एक माणूस मागे लागला होता, रोज नवीन खात्यावरून घाण लिहायचा. प्रत्येक तक्रारीला तेच छापील उत्तर, आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं दिसत नाही. मास्टोडॉनवर असाच एक उपटला तर मी सर्व्हरच्या बाईंना निरोप टाकला (हो, बाई चालवत होत्या), तासाभरात त्याचं खातं गेलं आणि तो ज्या सर्व्हरवरून आला होता तिथल्या माणसालाही त्यांनी कळवलं. माणसाने वाचलं आणि माणसाने उत्तर दिलं.

दुसरा. त्याच सर्व्हरचं पुढे दुसऱ्या एका मोठ्या सर्व्हरशी वाजलं. कशावरून ते मला आजही नीट माहीत नाही, कोणीतरी कोणाची तरी बाजू घेतली, मग याद्या निघाल्या, मग त्यांनी आमचा अख्खा सर्व्हर ब्लॉक केला. सकाळी उठले तर माझ्या ओळखीचे निम्मे लोक गायब. ते तिथे होते, मी इथे होते, पण एकमेकांना दिसेनासे झालो. भांडण दोन मालकांचं, आणि तुटलं आमचं. ना मी काही बोलले होते ना माझ्या मैत्रिणी. मोठ्या साईटवर कोणी एवढ्या तातडीने मदत करत नाही हे खरं, पण कोणी एवढ्या सहज एका फटक्यात सगळ्यांना तोडतही नाही.

दिवेघाट
हेच म्हणतोय मी. छोट्या गावात सरपंच चांगला तर स्वर्ग, नाहीतर पाणी बंद.

सर्व्हरवाला
@शेवंती तुमचं दुसरं खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी पण सर्व्हर ब्लॉक करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमचा पूर आला होता तेव्हा ज्या सर्व्हरांवर नोंदणी सताड उघडी आणि मालक बेपत्ता, तिथूनच सगळा मारा होत होता. जपानी मजकूर, कुठल्यातरी डब्याचा फोटो, आणि मध्ये आपलं नाव गोवलेलं. माझ्या तीस माणसांच्या सर्व्हरवर सकाळी सगळ्यांच्या नोटिफिकेशन भरलेल्या. मी ऑफिसच्या बसमध्ये बसून एका हाताने एकेक सर्व्हर बंद करत होतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकने त्या दिवशी उपकार केले. त्यात दोनचार निरपराध पण गेले असणार. त्यानंतर मी नोंदणी अर्ज करूनच द्यायला लागलो.

म्युनिकचा_मुक्काम
मी म्युनिकमध्ये असतो. इकडे चित्र थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. जर्मनीत केंद्र सरकारच्या खात्यांसाठी मास्टोडॉनचा एक सरकारी सर्व्हर आहे, तो माहिती संरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने सुरू केला. नेदरलँड सरकारनेही २०२३ मध्ये आपला काढला. म्हणजे सरकारी खात्याचं पान खरं की खोटं हा प्रश्नच येत नाही, पत्त्यावरूनच कळतं. त्यामुळे इथे मास्टोडॉन म्हटलं की "ते काय असतं" असं विचारणारे कमी, निदान माझ्या ऑफिसात तरी. आणि विद्यापीठं, ग्रंथालयं, सायकलवाले, रेल्वेवेडे हे सगळे तिथे आहेत. रेल्वेवेड्यांचा तर नाद करू नये.

दिवेघाट साहेबांना एक विचारायचंय. लोक परत गेले म्हणून जागा वाईट असं कसं? जे राहिले ते राग म्हणून राहिले नाहीत.

दिवेघाट
जागा वाईट असं मी म्हटलंच नाही. मी म्हणतो जर्मनीत रेल्वेवेडे जर्मनमध्ये बोलायला पुरेसे आहेत. मराठीत किती आहेत ते सांगा. तुम्ही स्वतः तिथे मराठीत लिहिता का?

म्युनिकचा_मुक्काम
...इंग्रजीत. आणि जर्मनमध्ये.

दिवेघाट
झालं तर मग.

बिनकामाचा
षटकार 😂

सर्व्हरवाला
दिवेघाट, मुद्दा बरोबर आहे पण अर्धा आहे. मोठ्या साईटवर मराठी भरपूर आहे पण त्यातलं राजकारण, क्रिकेट आणि सुविचार वगळा, माळावरच्या पक्ष्यांबद्दल मराठीत बोलणारे किती उरतात? तेही मोजकेच उरणार. फरक एवढाच की तिथे ते एकमेकांना सापडत नाहीत.

माळावरचा
हे मात्र पटलं. आणि एक गोष्ट लिहायची राहिली होती ती आता लिहितो, कारण माझ्या प्रश्नामागे खरं तर तीच आहे.

दोन हिवाळ्यांमागे आमच्याकडे एका ओढ्याच्या कपारीत शृंगी घुबडाचं घरटं होतं. हे घुबड झाडावर काड्या रचत नाही, मातीच्या कड्यावर नाहीतर कपारीत उघड्यावरच अंडी घालतं. मी लांबून फोटो घेतला होता, घरट्याचा नाही, समोरच्या बाभळीवर बसलेल्या मादीचा, आणि जागा लिहिली नव्हती. पण मागे पवनचक्कीचं एक पातं दिसत होतं. फोटो कधी नव्हे तो धो धो चालला. पुढच्या रविवारी गेलो तर ओढ्यात चार गाड्या, माणसं कपारीच्या तोंडाशी, एक जण दगड मारून तिला उठवतोय, कारण उडतानाचा फोटो पाहिजे. पिल्लं होती की अंडी ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्यानंतर ती जोडी त्या ओढ्यात दिसली नाही.

तेव्हापासून जे दुर्मिळ दिसतं ते मी टाकतच नाही. माळढोक तर आमच्याकडे आता दिसला तरी नशीब, कधी दिसलाच तर चारचौघांत सांगायची हिंमत होणार नाही. म्हणजे जास्त लोकांनी बघावं म्हणून मोठ्या जागी राहायचं, आणि जास्त लोक बघतील म्हणून चांगलं ते लपवायचं. हा काय प्रकार आहे?

गवताळ
मी पण पक्षीवाली (अहिल्यानगर). माळावरचा, घुबडाचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे आम्ही नियमच केलाय, विणीच्या काळात फोटो टाकायचे ते हंगाम संपल्यावर, तेही तालुक्यापलीकडे जागा न सांगता.

पण एक लक्षात घ्या, मास्टोडॉनवरची सार्वजनिक पोस्ट पण सार्वजनिकच असते, ती बिनखात्याच्या माणसालाही दिसते. जागा लहान म्हणून गुपित राहील असं धरून चालू नका. तिथे पोस्ट फक्त फॉलोअरना दिसेल अशी टाकता येते आणि फॉलोअर तुम्ही मंजूर करून घेऊ शकता, ते करा. तरी स्क्रीनशॉट काढणारा काढतोच.

आणि फोटोंचं म्हणाल तर कुठल्याच सोशल साईटला गोदाम समजू नका, लहान नाही मोठी नाही. नोंद ईबर्डवर टाका, ती पक्षीनोंदींचीच साईट आहे. तिथे जोडलेले फोटो आणि आवाज कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत जपले जातात, आणि संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा ईबर्ड स्वतःच झाकतं. सोशल फक्त गप्पांना. मग तुमची गप्पांची जागा उद्या बंद पडली तरी वर्षांची मेहनत जाणार नाही.

निवृत्त_हेडक्लार्क
गवताळ यांचा सल्ला कू च्या आधी मिळायला हवा होता.

चकली_ठाणे
एक बावळट प्रश्न. जाहिरात नाही, फी नाही, मग पैसे कोण भरतं? आमच्याकडे गॅस सिलेंडर सुद्धा फुकट येत नाही.

सर्व्हरवाला
बावळट नाही, हाच प्रश्न आधी विचारायला पाहिजे. माझ्यापुरतं सांगतो. महिन्याला दोन-अडीच हजार जातात, लोक वर्गणी देतात त्यातून निम्मं सुटतं, उरलेलं माझ्या खिशातून. गंमत म्हणजे खर्च आमच्या तीस जणांच्या पोस्टींचा नसतो. आम्ही ज्यांना फॉलो करतो त्यांचे फोटो-व्हिडिओ आमच्या सर्व्हरवर प्रत म्हणून साठतात, त्याने डिस्क भरते. आठवडा झाला की जुन्या प्रती झाडून टाकायची कमांड मी लावून ठेवलीय. एकदा ती गपचूप बंद पडली, रविवारी सासुरवाडीला जेवायला बसलो होतो तेव्हा सर्व्हर आडवा. पुरणपोळी पानात आणि मी मोबाईलवर काळ्या पडद्यात टाईप करतोय. सासूबाईंनी विचारलं, पगार मिळतो का याचा?

मला उत्तर सुचलं नाही.

बिनकामाचा
सासूबाईंना ॲडमिन करा

सर्व्हरवाला
पुढचं गंभीर आहे. पैशांपेक्षा माणूस थकतो. मोठमोठे सर्व्हर बंद पडलेत. मोझिलासारख्या संस्थेने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये गुंडाळला. त्याच महिन्यात बॉटसाठीचा, म्हणजे आपोआप पोस्टी टाकणाऱ्या खात्यांचा, एक खूप जुना सर्व्हर बंद झाला. आणि सगळ्यात भारी म्हणजे क्वीर डॉट एएफ हा सर्व्हर. त्या पत्त्यातलं शेवटचं एएफ हे अफगाणिस्तानचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने तो पत्ताच काढून घेतला. सर्व्हर धडधाकट, पत्ता गेला.

शिवाय कायदा. आपल्याकडे २०२१ च्या नियमांत पन्नास लाख वापरकर्त्यांच्या वरच्यांना जास्तीची बंधनं आहेत, पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं हे लहानांनाही लागू. माझ्या सर्व्हरचा तक्रार अधिकारी मी, तक्रार माझ्याविरुद्ध असली तरी मीच.

दिवेघाट
सर्व्हरवाला, तुम्ही फायदे सांगायला आलात की माझी बाजू मांडायला?

सर्व्हरवाला
दोन्ही. खोटं सांगून माणसं आणली तर महिन्याने जातात, परत शिव्या मला.

कानसेन
दिवेघाट यांना एक सांगू का. तुम्ही म्हणालात दुसऱ्या आठवड्यात विषय संपले. मोठ्या साईटवर आपण विषय आणत नाही, समोर येईल त्यावर बोलतो. लहान जागी कोणीतरी आधी बोलावं लागतं. मी पहिले दोन महिने रोज एक पोस्ट टाकायची ठरवून टाकत होतो, रेडिओवरच्या जुन्या कार्यक्रमांबद्दल, नाट्यसंगीताच्या रेकॉर्डिंगबद्दल. प्रतिसाद नाही. मग एक दिवस सांगलीच्या एका बाईंनी विचारलं ती सारंगी कोण वाजवतंय. आज आम्ही सातआठ जण आहोत, त्यातल्या तिघांना मी प्रत्यक्ष भेटलोय.

ज्याला वाचायचं आहे त्याने मोठ्या जागी थांबावं. ज्याला लिहायचंय त्याचं लहान जागी जमेल.

दिवेघाट
पहिले दोन महिने कोणी उत्तर देत नसताना लिहीत राहायला वेगळी चिकाटी लागते साहेब. सगळ्यांकडे नसते. माझ्याकडे नाही, स्पष्ट सांगतो. आणि तुमचे सातआठ जण एकमेकांशी भांडले तर? मोठ्या जागी दुसरे आठ मिळतात.

कानसेन
भांडलो होतो. एका रागाच्या वेळेवरून. दोन आठवडे अबोला. मग परत बोलायला लागलो कारण बोलणार कोणाशी?

शेवंती
😄 हे मस्त.

गवताळ
अवांतर पण उपयोगी: मास्टोडॉनवर शोध आपल्याला सवय आहे तसा चालत नाही. शब्द टाकून शोधलं तर ज्यांनी परवानगी दिलीय त्यांच्याच पोस्टी मिळतात, ही सोय पण २०२३ पासूनची. म्हणजे सगळी भिस्त हॅशटॅगवर. आणि आपले मराठी लोक काय करतात, कोणी #पक्षीनिरीक्षण लिहितं, कोणी #पक्षिनिरीक्षण, कोणी #पक्षी_निरीक्षण. तिन्ही वेगळे धरले जातात, एकातल्या पोस्टी दुसऱ्यात दिसत नाहीत. वीस माणसं असून तीन टोळ्या. माळावरचा तुम्ही आलात तर आधी हे एकदा ठरवून घेऊ, शुद्धलेखनवाले काय म्हणायचं ते म्हणोत. मी दीर्घवाला वापरते कारण बहुतेक लोक तोच टंकतात.

निवृत्त_हेडक्लार्क
ऱ्हस्वच बरोबर आहे.

बिनकामाचा
आली चौथी टोळी

माळावरचा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. माझं ठरलं ते असं. मोठ्या साईटवरचं खातं बंद करत नाही, तिथे रोहित, धोबी, खंड्या, नीलकंठ हे नेहमीचे यशस्वी टाकत राहीन, लोकांना बघायला मिळतात, कोणाचं नुकसान नाही. मास्टोडॉनवर खातं काढतो, फॉलोअर मंजूर करून घ्यायचं चालू ठेवतो आणि जे लपवून ठेवलंय ते तिथे, हंगाम उलटल्यावर. ईबर्डवर जुने फोटो चढवायला बसलो तर आख्खा पावसाळा जाईल, पण करतो. @सर्व्हरवाला तुमच्याकडे जागा आहे का? वर्गणी देईन, सासूबाईंना सांगा.

@दिवेघाट तुमचा मुद्दा डोक्यात ठेवलाय. पण मी रागावून जात नाहीये, तुम्हाला तसं वाटत असेल तरी.

दिवेघाट
बघू. पुढच्या हिवाळ्यात विचारीन.

सर्व्हरवाला
जागा आहे. अर्जात "पक्षी" एवढंच लिहा, मला कळेल. नियमांचं पान मात्र वाचून घ्या, आणि पहिल्या दिवशी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, नाहीतर पोस्टीवर इंग्रजीचा शिक्का बसतो आणि फक्त मराठी पोस्टी निवडून बघणाऱ्यांना तुम्ही दिसतच नाही. निम्मा शुकशुकाट त्यामुळेच आहे.

कानसेन
माळावरचा, फोटोचं वर्णन मराठीत लिहा. नुसतं "पक्षी फांदीवर" नको, तुम्ही मित्राला फोनवर सांगाल तसं. आणि पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत असाल तर आधी ते.

माळावरचा
चंडोलाचा आहे फोनमध्ये, पण वारा फार आहे मागे.

कानसेन
चालेल. वाऱ्यासकट टाका.

रात्रपाळी
वरचं सगळं वाचलं नाही, वेळ नाही. पण इन्स्टाग्रामवाल्या कंपनीच्या थ्रेड्सवर का जात नाही तुम्ही लोक? तिथे पण मास्टोडॉनचं काहीतरी जोडलेलं आहे ना?

सर्व्हरवाला
@रात्रपाळी जोडलेलं आहे, पण थ्रेड्सवाल्याने आपल्या सेटिंगमध्ये ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि बऱ्याच लहान सर्व्हरांनी थ्रेड्सला आधीच ब्लॉक करून ठेवलंय. मी केलेलं नाही. का ते विचारू नका, तीस जणांचं मतदान घेतलं होतं आणि त्यावर वेगळा धागा होईल.

रात्रपाळी
काढा की मग.